माझ्या हातावर आलेलं गाव

लेकरासाठी मी शिवलेली कुंची तारबाबूनं काठीच्या टोकावर उचलली आन् कुंपणावर फेकली. माझ्या डोळ्यांदेखत. बोरीच्या काट्यांचं कुंपण होतं. कुंची काट्यात अडकली. उलटी, आतलं अस्तर वर.

तीन दिवस टाके घातले होते मी त्या कुंचीला. कापड माझ्या लग्नातल्या चोळीचं. हिरवं. ठेवणीतलं तेवढंच एक होतं माझ्याजवळ.

"उधरीच ठैर," बाबू म्हणला. "अंदर नक्को."

दारात त्याची बायको उभी होती. हातात लेकरू. बारा दिवसांचं. ते लेकरू माझ्या ह्या दोन हातांवर जल्मलं होतं.

बाबू टेसनात तारेचं काम करायचा. वरंगलाकडचा. बायको सोळा-सतरा वर्सांची, गावात येऊन दीड महिना झालेला. तिला मराठी येत न्हाई, मला तेलंगी येत न्हाई. सकाळी कळा सुरू झाल्या तव्हा बाबू ड्युटीवर होता. टेसनातला पोर्टर मला बोलवायला पळत आला. घरात तिसरं माणूस न्हाई. ती आन् मी. तिनं माझ्या मानंला मिठी घातली ती सोडलीच न्हाई. नखं रुतली मानंत. "अम्मा, अम्मा" करायलती. मी तव्हा एकोणीस वर्सांची. तिच्याहून दोन-तीन वर्सांनी मोठी, तर मी तिची अम्मा झाले. मंधी मंधी "नीळ्ळु, नीळ्ळु" म्हणायची. मला कळलं, पाणी मागायलीय. मी लोटा भरून तिच्या तोंडाला लावला. अर्धा ती प्याली. उरलेला अर्धा मी प्याले. दिवस मावळायच्या आत मोकळी झाली. पोरगा झाला. तिनं माझा हात धरून डोळ्यांना लावला.

त्या दिवशी तिला माहीत नव्हतं, मी मांगाची. माझ्या अंगावर लिवलेलं नव्हतं.

मधल्या दिवसांत देशमुखाच्या घरच्या काकी बाळंतीण बघायला गेल्त्या. गावात कोणी नवीन आलं की काकी जायच्या. कोणाच्या हातचं घ्यायचं, कोणाला कुठवर येऊ द्यायचं, हे शिकवायला. शिकवून आल्या.

आता दारात बाबूच्या बायकोनं माझ्याकडं बघितलं न्हाई. लेकराकडं बघत राह्यली. मी एक पाऊल पुढं टाकलं, तर तिनं नाकाला पदर लावला आन् आत गेली.

मी काय केलं? मी म्हणाले, "बरं, बाबूसायब." आन् माघारी फिरले. कुंची तशीच काट्यात.

काठीचं दुःख कव्हाच जिरलं. ते "बरं" अजून जिरलेलं न्हाई.

मी राणीसावरगावची. लग्न होऊन टेसनाच्या ह्या गावात आले. नवरा दोर वळायचा, लग्नात हलगी वाजवायचा. सासू सुईण. तिच्या हाताखाली मी शिकले. नाळ कशी कापायची, वार कशी पडू द्यायची, लेकरू आडवं असलं तर पोट कसं चोळायचं. सासूच्या सासूपून हे काम आमच्या घरात. गावात कोणाच्याबी घरी बाळंतपण असलं की मांगवाड्याकडं माणूस यायचा. देशमुख असो, बामण असो. बाळंतिणीच्या खोलीत आमाला मुभा. तेवढ्या वेळापुरती. लेकरू बाहेर आलं, नाळ कापली, की आमी पुन्हा मांग. लेकराला आंघोळ घालायची आन् आमच्या हाताचा इटाळ धुऊन काढायचा. मंग आमी मागच्या दारानं बाहेर पडायचं. आमी बसलेली जागा आमीच शेणानं सारवायची. सासू हे सारं गुमान करायची. मी इचारलं तर म्हणायची, "आपल्या हातात जीव हाय. त्यांच्या हातात रीत हाय."

मी आले तव्हा गाव लहान होतं. देशमुख, मराठ्यांची घरं, बामणांची चार घरं, मेंढरंवाले हटकर, मुसलमानांची एक गल्ली, वेशीबाहेर महारवाडा आन् त्याच्या खाली, नाल्याच्या कडंला, आमी. मंग टेसनाजवळ कापसाची जिनिंग उभी राह्यली. रेल्वेचं काम वाढलं. माणसं येत गेली. तेलंगी फिटर, मारवाडी दुकानदार, कच्छी व्यापारी, जिनिंगच्या दारावर अरब पहारेकरी, कातडं घेणारा पठाण, ख्रिस्ती गार्ड, एक पंजाबी ठेकेदार. दहा वर्सांत गावात सात भाषा झाल्या. बाजारात उभं राह्यलं तर कानात गोंधळ उडायचा.

मला त्या साऱ्या भाषा थोड्या थोड्या आल्या. मला तीन गोष्टी बोलता आल्या म्हंजे झालं. जोर लाव. श्वास घे. पोरगा झाला, पोरगी झाली. ठेकेदाराच्या बायकोला पंजाबीत, अरबाच्या बायकोला दखनीत, फिटरच्या बायकोला तेलंगीत. सासू थकली तव्हा सारं गाव माझ्या एकटीच्या हातावर यायला लागलं.

सासू म्हणायची, "नवे लोक येऊ दे. त्यांना आपली रीत माहीत न्हाई. ते आपल्याला माणसासारखं वागवतील." मलाबी वाटायचं. रेल्वेत तर सारे एकाच डब्यात बसून येत्यात. एकमेकांच्या अंगाला अंग लागतं. कोण कोणाला इचारतं जात?

पण नवा माणूस गावात आला की आठ दिवसांत दोन गोष्टी शिकायचा. बाजार कोणत्या वारी, आन् मांगवाडा कुठं. तिसरी कोणतीबी गोष्ट शिकायला त्याला साल लागायचं. अरब अरबस्थानातून आलेला. त्याच्या बापजाद्यानं मांग बघितला नव्हता. पण तोबी दुसऱ्या महिन्याला मला म्हणला, "दूर से." ख्रिस्ती गार्डाची मडम चांगली बोलायची, पण तिच्या घरचा सैपाकी मला पायरी चढू देत नव्हता आन् ती त्याला काही म्हणत नव्हती. गावात सात भाषा झाल्या, त्या साती भाषांत मला "लांब थांब" ऐकायला मिळालं.

एक घर वेगळं होतं. पूर्ण वेगळं म्हणत न्हाई. खोटं कामून बोलू?

मुसलमान गल्लीच्या तोंडाला पिंजाऱ्याचं घर. तो कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. दिवसभर त्याच्या पिंजणाचा आवाज नाल्यापातुर ऐकू यायचा. त्याची बायको जैनबी. माझ्या हातचं पयलं लेकरू तिचं. सासू तापानं पडली होती, मी सोळाची, पयल्यांदाच एकटी. जैनबीच मला म्हणली, "डर नक्को माँ. मैं हूं ना." बाळंत व्हायलीय ती आन् धीर द्यायलीय मला. पोरगी झाली. तिचं नाव बानू.

जैनबी मला पाणी हातात द्यायची. तिच्याच कटोऱ्यात. चुलीपाशी बसवायची. पण जेवायची वेळ आली की तिची सासू माझी ताटली वेगळी काढायची. त्यांच्यातबी वर-खाली होतंच. जैनबीला लाज वाटायची. मंग ती तिची भाकर उचलून माझ्याजवळ येऊन बसायची, सासूकडं पाठ करून. तिला तेवढंच करता येत होतं. तेवढं बाकीच्या गावातल्या कोणाला करता आलं न्हाई.

बानू मला "मौसी" म्हणायची. मांगवाड्यात खेळायला यायची. माझी दोन लेकरं झाली आन् दोन्ही गेली. साऱ्या गावाची जगवली, माझी जगली न्हाईत. बानू माझ्या मांडीवर बसायची तव्हा ती मांडी रिकामी वाटायची न्हाई.

मंग एका साली मर्दुमशुमारी आली. म्हंजे सरकार माणसं मोजणार, कोण कोणत्या धर्माचा ते लिवणार. त्या साली आमच्या मांगवाड्यात जेवढे पांढरे कपडे आले तेवढे आधी कव्हाच आले नव्हते.

पयले आले देशमुखाचे धाकटे. काकींचा लहान लेक. आमी त्यांना धाकटे मालक म्हणायचो. वाड्याच्या तोंडाला लिंबाखाली उभे राह्यले, आत न्हाई आले. म्हणले, "मोजायला माणूस येईल. सांगायचं, आमी हिंदू. काय? आपण सारे एक हावोत."

माझी सासू तव्हा जित्ती होती. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण तोंड चालायचं. ती म्हणली, "एक हावोत तर उद्यापून तुमच्या आडावर पाणी भरू का, मालक?"

धाकटे मालक हसले. म्हणले, "ते नंतर बघू म्हातारे. आधी नाव तर लिवा."

दोन दिवसांनी तहसिलातला पेशकार आला. शेरवानी घातलेला. तो लिंबाच्या थोडा पुढं आला. म्हणला, तुमाला ते शिवून घेत न्हाईत, आमच्यात या, मशिदीत एका ओळीत उभं राह्याल. माझा नवरा हलगी तापवत बसला होता. त्यानं मान वर न करता इचारलं, "आलो तर आमच्या पोरांना तुमच्या पोरी द्याल का, सायब?"

पेशकारानं रुमाल काढून तोंड पुसलं. म्हणला, "ये सब बाद की बातें हैं."

एकाचं नंतर, एकाचं बाद. मला त्या दिवशी दोघांची भाषा एकच वाटली.

मोजणारा आला तो वाड्याच्या तोंडालाच बसला. आमच्या माणसाला इचारलं, किती पुरुष, किती बाया. लिवत गेला. मी जवळ गेले. इचारलं, "धर्माच्या जागी काय लिवलंत?"

"तुला काय करायचंय?" तो म्हणला.

डोकं माझं. कशात धरलं ते मलाच सांगायचं न्हाई. आजपातुर मला माहीत न्हाई, त्या साली मी कोण होते.

त्यानंतर दिवस बिघडत गेले. देशाला स्वातंत्र्य मिळालं, आमाला न्हाई. आमी निजामाच्या राज्यात. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या फिरायला लागल्या. घरं लुटली, माणसं मारली. देशमुख, बामण, मारवाडी, ज्यांच्याजवळ गाड्या-बैल होते, ते हद्द ओलांडून वऱ्हाडात गेले. पंजाबी ठेकेदार गेला, तारबाबू बदली करून गेला. गावातली अर्धी घरं बंद. आमी कुठं जाणार? वऱ्हाडात मांगाला कोण सोयरा बसलाय?

टोळी मांगवाड्यातबी आली. तीन झोपड्या जाळल्या. माझ्या नवऱ्याला बंदुकीच्या दस्त्यानं हाणलं, बरगड्या मोडल्या. महिनाभर तो बाजंवर होता. त्याला मऊ पडावं म्हून पिंजाऱ्यानं नव्या कापसाची गादी भरून आणली. डोक्यावर घेऊन आला. भरदिवसा, साऱ्यांच्या समोरून. टोळीतल्या एकानं त्याला इचारलं, किसके लिए. पिंजारी म्हणला, "बीमार के लिए." बस एवढंच.

आन् भादव्यात हिंदुस्थानची फौज आली. पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. टोळीवाले रेल्वेत बसून कव्हाच पसार झाले होते. देशमुख वऱ्हाडातून परत आले. धाकटे मालक पुढं, मागं चाळीस-पन्नास माणसं, हातात कुऱ्हाडी, भाले. ज्यांनी त्यांचं घर जाळलं होतं ते त्यांना सापडले न्हाईत. सापडला पिंजारी. पिंजणापाशीच पडला तो. कापूस लाल झाला, असं मला नंतर सांगितलं. मी बघितलं न्हाई. जैनबीनं आडात उडी घेतली. ज्या आडावर पाणी भरायचं आमी इचारलं होतं त्याच आडात. मंग ते पाणी गावानंबी सोडलं.

फौज परभणीकडं सरकली होती. मंधले दोन-तीन दिवस गावाला कोणी धनी नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. जिनिंगपुढच्या मैदानात. नवराबी संगं आला, बरगडी धरत.

मैदानात अकरा बाया बसवल्या होत्या. जवारीतून काढून आणलेल्या. मारकाट सुरू झाली तव्हा भिऊन साऱ्याच जवारीत शिरल्या होत्या. हटकरणी होत्या, फिटरच्या घरच्या तेलंगणी होत्या, आन् मुसलमानणीबी होत्या. साऱ्यांच्या कपाळाला कुंकू. कोणाचं खरं कुंकू, कोणाची इटंची भुकटी. साऱ्यांचे पदर डोक्यावर. गाव एवढं मिसळलं होतं की लुगड्यावरनं माणूस ओळखू येत नव्हता. एक बाई गप होती ती तेलंगीण म्हून, का भ्यालेली म्हून, कोणाला कळत नव्हतं. पुरुषाला तपासायची रीत त्यांना माहीत होती. बाईला कसं तपासणार?

म्हून मी.

धाकटे मालक म्हणले, "तू ह्या गावातल्या साऱ्या बायांना आतून-बाहेरून ओळखतीस. ह्यातल्या आपल्या कोणत्या आन् त्यांच्या कोणत्या, हात करून दाखव."

मी हात पदराखाली घेतले.

मंग ते आवाज खाली आणून म्हणले, "पिंजाऱ्याचं घर मोकळं झालंय. दोन खणांचं हाय, कौलारू. ते तुला. तुमी गावात राह्यला या. शेवटी तुमी आमचेच."

गावात घर. वेशीच्या आत. माझ्या आजेसासूच्या आजेसासूला कोणी जे म्हणलं नव्हतं ते आज मला म्हणायलते. माझ्या नवऱ्याचा श्वास माझ्या कानामागं जोरात चालायला लागला. तो हळूच म्हणला, "घे."

मी त्या बायांकडं बघितलं. तिसऱ्या जागी बानू. सतरा वर्सांची. नववा महिना. नवरा दोन दिवसांपून बेपत्ता. कपाळाचं कुंकू वाकडं, भुवईवर आलेलं. तिला कुंकू लावायचं माहीतच नव्हतं. ती माझ्याकडं बघायलती आन् तोंड घट्ट मिटून होती. बोलली असती तर "मौसी" म्हणली असती. आन् तेवढ्यानं मेली असती.

मला लाज वाटली. माझी न्हाई, ह्या माणसांची. पण आधी एक घटका त्या कौलारू घराची हाव सुटली होती. तेबी सांगून टाकते. सुटली होती. माझ्या डोळ्यापुढं त्या घराचं दार आलं, जैनबीची चूल आली, आन् त्या चुलीपुढं मी बसलेली. एकटी.

मी पुढं गेले. बानूचा हात धरून तिला उठवलं. म्हणाले, "ही माझ्या भावाची लेक. राणीसावरगावची. मांगाची." मंग दुसरीला उठवलं, तिसरीला. एकेकीला. पाचजणी. "ही पोखर्णीच्या मावशीची सून. ही तिची जाऊ. ह्या साऱ्या आमच्या. मांगाच्या."

बाकीच्या सहा बाया खरंच हटकरणी आन् तेलंगणी होत्या. त्यांच्याकडं बोट करून म्हणाले, "त्यांना त्यांची माणसं येऊन नेतील."

धाकटे मालक पुढं आले. बानूकडं बघत म्हणले, "ही पिंजाऱ्याची वाटायलीय."

"मंग शिवून बघा," मी म्हणाले.

"काय?"

"कुंकू पुसून बघा. पदर वढून बघा. हात लावा की, मालक. मांगाची निघाली तर आंघोळ करा. त्यात काय."

कोणी हाललं न्हाई. पन्नास माणसं. कुऱ्हाडी हातात, रगत वाळलेलं. आन् एकाची छाती झाली न्हाई आमच्या पदराला हात लावायची. मला चांगलं माहीत होतं, आडरानात शिवाशीव नसती. आमच्या साऱ्या बायांना माहीत हाय. पण इथं ऊन होतं आन् सारं गाव बघायलतं. गावासमोर ते सोवळे होते.

मी बानूला पुढं ढकललं. "लावा हात."

धाकटे मालक एक पाऊल मागं सरले. मी बघितलं ते. त्यांच्या माणसांनीबी बघितलं. आयुष्यभर मी मागं सरत आले होते. त्या दिवशी ते सरले.

"हाकला ह्या मांगिणींना इथून," ते वरडले. "आन् तू ध्यानात ठिव. घर-बिर काही न्हाई तुला."

"तुमच्याच सोयऱ्याला द्या," मी म्हणाले. पाची जणींना घेऊन चालत मांगवाड्यात आले. पळाले न्हाई. पळाले असते तर कळलं असतं.

घरी नवरा लय बोलला. "पिढ्यान् पिढ्या नाल्यात काढल्या. एकदा वर यायची येळ आली तर तू लाथ मारलीस." मी म्हणाले, "तू ज्या गादीवर निजतोस ती कोणी भरली?" दुपारी बानूला कळा सुरू झाल्या तव्हा तोच नाल्यावरनं दोन घागरी पाणी घेऊन आला. बरगडी मोडलेली असून.

पोरगी झाली. बानू रडली न्हाई. आई कुठं हाय, तिनं इचारलं न्हाई. तिला कळलं होतं. तीन आठवडे पाची जणी आमच्या झोपड्यांत राह्यल्या. आमच्यातल्या एकानं तोंड उघडलं न्हाई, लहान लेकरांनीबी न्हाई. मंग फौजेचा पहारा टेसनावर पक्का बसला, तव्हा, इथं कोणी ओळखू नये म्हून, पुढच्या चुडावा टेसनाहून गाडीत बसवून त्यांना हैदराबादकडं लावून दिलं. बानूची तिथं फुफी, बापाची बहीण, होती. जाताना ती म्हणली, "मौसी, मैं वापस नहीं आऊंगी." मी म्हणाले, "नको येऊ."

ती आली न्हाई. कोणीच आलं न्हाई. ती गल्ली मोकळी झाली आन् दोन महिन्यांत भरलीबी. पिंजाऱ्याच्या घरात देशमुखाचा भाचा राह्यला आला. बाकीच्या घरांत आसपासच्या गावांतले त्यांचे सोयरे. गाव पुन्हा नवं झालं. नवं राज्य, नवा झेंडा, नवी माणसं. मांगवाडा नाल्याच्या कडंला. तिथंच.

जवारीची काढणी चालली होती तव्हा देशमुखाचा गडी आला. धाकट्या मालकाची बायको अडली होती. पायाळू लेकरू. सकाळपून कळा देऊन थकली होती.

"चल लवकर," गडी म्हणला. "मागच्या दारानं ये, काकीनं सांगितलंय."

मी सूप हातात घेऊन बसले होते. जवारी पाखडायलते. त्या एका शब्दावर माझ्या अंगातलं सारं वर आलं. मागच्या दारानं.

"मी येत न्हाई," म्हणाले.

गडी गेला. घटकाभरानं धाकटे मालक सोता आले. लिंबापाशी न थांबता सरळ माझ्या दारात. घाम आलेला.

"अगं, माझी बायको मरायलीय."

"मंग इथं आणा."

"इथं कुठं?"

"माझ्या घरात. माझ्या बाजंवर."

"मांगवाड्यात? देशमुखाची सून?" त्यांचा आवाज फाटला. "वाडा पेटवून देईन सारा!"

"पेटवा. तुमच्या आधी दुसऱ्यांनीबी पेटवलाय. मंग लेकरू कोण सरळ करणार?"

मी सूप खाली ठिवलं न्हाई. पाखडत राह्यले. एक बाई मरायलीय आन् मी जवारी पाखडायलीय. मला काय बरं वाटत होतं? त्या बाईचा काही गुन्हा नव्हता. पण तिला इथं आणायचं का मरू द्यायचं, हे त्यांच्या हातात होतं. माझं दार उघडं होतं. मी चुलीवर पाणी ठिवलं होतं.

"काकीला सांगतो पुढच्या दारानं घे म्हून," ते म्हणले. आवाज उतरला होता. "ये पुढच्या दारानं."

"न्हाई, मालक. आता तुमचं कोणतंच दार नको."

ते गेले. मला वाटलं, पेटवायलाच येतील. नवरा कोयता घेऊन वाड्याच्या तोंडाला उभा राह्यला. आमच्या बायाबी उभ्या राह्यल्या.

बैलगाडी आली. गाडीत सून, बाजूला काकी. काकी खाली उतरल्या. मांगवाड्याच्या मातीवर त्यांचा पाय पडला. त्यांनी कोणाकडंच बघितलं न्हाई. सुनेला आमच्या बायांनीच उचलून आत आणलं. त्या टायमाला कोणाला शिवाशीव आठवली न्हाई. लेकराचा एक पाय बाहेर होता. मी हात घातला, दुसरा पाय सोडवला, खांदे सोडवले. निळं पडलं होतं. पाठीवर चापट्या दिल्या, तोंडातलं बोटानं काढलं. रडलं. दोघं जगली.

धाकटे मालक बाहेरून म्हणले, "पुढच्या खेपेला असं करू नको. लोक काय म्हणतील?"

मी बाहेर आले. हात रगतानं भरलेले, तसेच. म्हणाले, "पुढच्या खेपेलाबी इथंच."

त्या दिवसापून मी कोणाच्या उंबऱ्याला पाय लावला न्हाई. देशमुखाच्या न्हाई, मारवाड्याच्या न्हाई, नव्या आलेल्या रेल्वेबाबूच्याबी न्हाई. काही आले. काही आले न्हाईत, त्यांनी परभणीला नेलं. बामणाची एक सून परभणीच्या वाटंवर गाडीतच गेली. गावानं ते माझ्या माथी मारलं. मी घेतलं न्हाई. रात्रंदिवस तिचं तोंड डोळ्यापुढं येतं, पण मी घेतलं न्हाई. माझ्या घरापातुर दोनशे पावलं होती. ती पावलं ज्यांनी टाकू दिली न्हाईत, त्यांनी ते घ्यावं.

लोक सांगायला येत्यात, "आता राज्य आपलं हाय, राग सोड." कोणाचं आपलं? गाव रिकामं झालं, भरलं, पुन्हा रिकामं झालं, पुन्हा भरलं. माणसं बदलली, भाषा बदलल्या, झेंडा बदलला. मी बदलायचं राह्यलं होतं. ते मी केलं.

आता ह्या गावाला जल्माला यायचं असंल, तर मांगवाड्यात यावं लागंल. मी जाणार न्हाई.